लंडन स्टेडियम : नूतनीकरणाचा खर्च आणि भाडेकरार

लंडन स्टेडियम. पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड भागातल्या क्वीन एलिझाबेथ ऑलिंपिक उद्यानातील सार्वजनिक मालकीचे क्रीडागार. 2012 च्या ऑलिंपिकसाठी ते बांधले गेले आणि 2016 पासून वेस्ट हॅम युनायटेड हा फुटबॉल क्लब तेथे 99 वर्षांच्या करारावर भाडेकरू आहे. बांधणी आणि नंतरचे रूपांतर मिळून त्यावर सुमारे 75 कोटी 20 लाख पौंड खर्च झाले. क्लबाने त्यात एकरकमी दीड कोटी पौंड भरले. सुरुवातीचे वार्षिक भाडे 25 लाख पौंड ठरले व ते महागाईच्या दराशी जोडलेले आहे. हे आकडे शेजारी ठेवले की ब्रिटनमध्ये या करारावर इतकी वर्षे वाद का चालला ते कळते. मात्र भाड्याचा आकडा हा या व्यवहाराचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. मालकाचे नुकसान मुख्यतः भाड्याबाहेरच्या कलमांतून झाले.

मूळ रचना

बांधकाम 2008 मध्ये सुरू होऊन 2011 च्या वसंतात पुरे झाले. आराखडा पॉप्युलस या वास्तुसंस्थेचा होता. ऑलिंपिकपुरती क्षमता 80,000 होती. त्यांपैकी जमिनीत खोल बसवलेला 25,000 आसनांचा खालचा भाग कायमचा आणि वरचे 55,000 आसनांचे टप्पे नंतर काढून टाकण्याजोगे, अशी योजना होती. खेळ संपले की वरचा डोलारा उतरवायचा आणि उरलेले छोटे मैदान ॲथलेटिक्सला द्यायचे, हा त्यामागचा विचार. यजमानपद मिळवताना लंडनने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला ॲथलेटिक्सच्या वारशाचे वचन दिले होते, त्यामुळे धावपट्टी उखडणे हा राजकीयदृष्ट्या अवघड विषय होऊन बसला.

फुटबॉलचा विचार आरंभीच झाला असता तर रचना वेगळी झाली असती, हे त्या वेळीही अनेकांनी सांगितले होते. हलकी, तात्पुरती इमारत बांधून मग तिला कायमची करणे हा बांधकामातला सर्वांत महाग मार्ग असतो. येथे तोच धरला गेला.

बोली आणि फिसकटलेला पहिला व्यवहार

2011 च्या फेब्रुवारीत वेस्ट हॅम आणि न्यूअम बरो कौन्सिल (स्ट्रॅटफर्ड ज्या भागात येते तेथील स्थानिक पालिका) यांच्या संयुक्त प्रस्तावाला पसंती मिळाली. प्रतिस्पर्धी होता टॉटनहॅम हॉटस्पर. टॉटनहॅमची योजना सरळ आणि काहीशी निर्दय होती. ऑलिंपिक मैदानाचा बराचसा भाग पाडायचा, तेथे धावपट्टीविना फुटबॉल मैदान उभारायचे आणि ॲथलेटिक्ससाठी दक्षिण लंडनमधले क्रिस्टल पॅलेस सुधारून द्यायचे. ती नाकारली गेली. त्यानंतर टॉटनहॅम आणि जवळचा छोटा क्लब लेटन ओरिएंट यांनी न्यायालयीन आव्हाने दिली, युरोपीय आयोगाकडेही सरकारी मदतीविषयी तक्रार गेली आणि ऑक्टोबर 2011 मध्ये सरकारने तो व्यवहारच रद्द केला. मैदान सार्वजनिक मालकीत ठेवून भाड्याने द्यायचे असे ठरले. पुढच्याच महिन्यात 2017 ची जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा लंडनला मिळाली आणि धावपट्टी कायमची झाली.

मालकाची बाजू कमकुवत झाली ती येथे. वर्षाचे बारा महिने रिकामे मैदान राखणे परवडणारे नव्हते. ऑलिंपिकनंतर ओस पडलेल्या क्रीडागारांची उदाहरणे डोळ्यांपुढे होती. साठ हजार प्रेक्षक नियमितपणे आणू शकेल असा क्लब आसपास एकच उरला होता आणि त्याच्या संचालकांना ही गोष्ट ठाऊक होती. डिसेंबर 2012 मध्ये वेस्ट हॅमची निवड जाहीर झाली, मार्च 2013 मध्ये करार झाला. तेव्हा लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन होते.

टॉटनहॅमने पुढे स्वतःच्या जागेवर 100 कोटी पौंडांहून अधिक खर्च करून नवे स्टेडियम उभारले. ते 2019 मध्ये सुरू झाले. कर्ज क्लबाच्या डोक्यावर बसले, पण तिकिटांपासून मैफलींपर्यंतचे उत्पन्नही क्लबाचेच झाले.

रूपांतराचा खर्च

करार झाला तेव्हा रूपांतराचा अंदाज 15 ते 19 कोटी पौंडांच्या दरम्यान सांगितला जात होता. त्यात न्यूअम कौन्सिलचे 4 कोटी, केंद्र सरकारचे जादा अडीच कोटी, क्लबाचे दीड कोटी आणि ब्रिटिश ॲथलेटिक्स संघटनेचे 10 लाख धरले होते. उरलेला भार लंडनच्या वारसा विकास महामंडळावर, म्हणजे न्यूअमसह मैदानाची मालकी असलेल्या महापौरांच्या यंत्रणेवर. 2015 मध्ये आकडा 27 कोटी 20 लाखांवर गेला आणि नोव्हेंबर 2016 मध्ये 32 कोटी 30 लाखांवर थांबला. त्याच महिन्यात महामंडळाचे अध्यक्ष डेव्हिड एडमंड्स पायउतार झाले.

पैसा मुख्यतः छपरात गेला. ऑलिंपिकच्या वेळचे छप्पर सर्व आसनांवर नव्हते. फुटबॉलसाठी प्रत्येक प्रेक्षक पावसापासून झाकला जावा अशी अट होती, म्हणून कडेला टेकून आत झेपावणारे सुमारे 45,000 चौरस मीटरचे नवे छप्पर बसवले. काही ठिकाणी ते 84 मीटर आत येते. एवढा भार पेलण्यासाठी मूळचा हलका पोलादी सांगाडा जागोजागी बळकट करावा लागला. 2012 मध्ये या मैदानाची ओळख ठरलेले 14 त्रिकोणी दिव्यांचे मनोरेही उतरवले गेले.

सरकती आसने

या नोंदीतला सर्वांत बोलका तपशील आसनांचा आहे. धावपट्टी असली की प्रेक्षक आणि मैदान यांच्यात मोठी मोकळी जागा राहते; फुटबॉलच्या चाहत्याला ती खपत नाही. उपाय म्हणून खालच्या टप्प्यातील आसने हिवाळ्यात धावपट्टीवर पुढे आणायची आणि उन्हाळ्यात ॲथलेटिक्ससाठी व मैफलींसाठी मागे न्यायची, असे ठरले. या ने-आणीसाठी वर्षाला 3 लाख पौंड पुरतील असा हिशेब मांडला होता. प्रत्यक्षात हे काम बटण दाबून होणारे निघाले नाही. सांगाडे सुटे करा, यारीने उचला, पुन्हा जोडा, असे कितीतरी दिवस चालू लागले. खर्च वर्षाला 80 लाख पौंडांवर आणि एका वर्षाच्या अंदाजात सव्वा कोटीच्या जवळ पोचला. क्लबाचे भाडे 25 लाख आणि त्याच क्लबासाठी खुर्च्या हलवायचा खर्च त्याच्या तिपटी-चौपटीने! पुढे पद्धत बदलून तो कमी केला गेला, पण तोवर या एका बाबीने मूळ हिशेब उधळून लावला होता.

इतके करूनही गोलजाळ्यामागच्या प्रेक्षकांना खेळ लांबच वाटतो ही तक्रार राहिली. धावपट्टीवर अंथरलेल्या हिरव्या गालिच्याऐवजी क्लबाच्या गडद तांबड्या रंगाचा गालिचा हवा, यावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात रीतसर भांडण झाले. आसनसंख्येच्या वाढीवरून तर प्रकरण न्यायालयात गेले आणि 2018 च्या अखेरीस तडजोडीने मिटले. आपल्याकडच्या वाचकाला जुन्या वाड्यातले मालक-भाडेकरू आठवावेत असा हा संसार आहे. फरक एवढाच की येथे दोन्हीकडच्या वकिलांची फी लाखांत असते.

कराराची कलमे

करार आरंभी गोपनीय होता. काही कलमांवर काळी पट्टी मारून तो देण्यात आला. चाहत्यांच्या संघटनांनी माहिती अधिकाराखाली पाठपुरावा केला आणि न्यायाधिकरणाच्या निर्णयानंतर एप्रिल 2016 मध्ये संपूर्ण मजकूर उघड झाला. त्यातून कळले ते असे. पोलीस बंदोबस्त, सुरक्षारक्षक व स्वयंसेवक, मैदानाची हिरवळ, वीज, तापवणे, इतकेच काय गोलखांब आणि कोपऱ्यांतले झेंडे यांचाही खर्च मालकाकडे. क्लब खालच्या श्रेणीत घसरला तर भाडे निम्मे. मैदानाच्या नावाचे हक्क विकले गेले तर ठरावीक रकमेपुढच्या उत्पन्नात क्लबाचा वाटा. मालकाच्या बाजूने होते ते क्लब विकल्यास मिळणाऱ्या नफ्यातील हिस्स्याचे कलम. पण त्याला मुदत होती.

याचा अर्थ व्यवहारात असा होतो की प्रत्येक सामना हा मालकासाठी उत्पन्नाचा नसून खर्चाचा दिवस ठरतो. भाडे वर्षाचे एकच, सामने मात्र वीस-पंचवीस. संघ युरोपीय स्पर्धांत पोचला की सामने वाढतात. क्लबाला ते यश आणि मालकाला जादा बंदोबस्ताचे बिल. वेस्ट हॅमने 2023 मध्ये युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकली तेव्हा शहर आनंदात होते. मैदानाच्या हिशेबनिसांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते.

नावाच्या हक्कांतून तूट भरून निघेल अशी आशा होती. 2016 मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहाशी बोलणी चालल्याच्या बातम्या आल्या, पण जमले नाही. 2017 मध्ये व्होडाफोनचा व्यवहारही अखेरच्या टप्प्यावर फिसकटला. शेजारच्या लाल वेटोळ्या मनोऱ्याला लक्ष्मी मित्तल यांच्या आर्सेलरमित्तल कंपनीचे नाव मिळाले. मैदान ‘लंडन स्टेडियम’ याच नावाने राहिले.

महापौर सादिक खान यांनी मूर स्टीफन्स या लेखापाल संस्थेकडून चौकशी करवली. डिसेंबर 2017 मध्ये तिचा अहवाल आला. अपुऱ्या आर्थिक माहितीवर मोठे निर्णय घेतले गेले, असा त्याचा रोख होता. न्यूअम कौन्सिलने दिलेले 4 कोटी पौंडांचे कर्ज आधीच बुडीत खात्यात टाकले होते. लंडनमधील गरीब भागांत गणला जाणारा हा बरो. त्याने मैदानातला आपला 35 टक्के हिस्सा सोडला आणि सगळा भार महापौरांच्या अखत्यारीतील यंत्रणेवर आला. 2019 च्या आरंभी मैदान चालवणारी व्हिन्सी गटाची कंपनीही तिने विकत घेतली, जेणेकरून खाद्यपेये आणि कार्यक्रमांचे उत्पन्न मध्येच अडकू नये. तरीही वार्षिक तूट सुमारे 2 कोटी पौंडांच्या घरात राहिली.

क्लबाचा हिशेब उलट दिशेने गेला. 1904 पासूनचे त्याचे घर, अप्टन पार्कमधले बोलिन ग्राउंड, सुमारे 35,000 प्रेक्षकांचे होते. 10 मे 2016 रोजी मँचेस्टर युनायटेडला 3-2 हरवून तेथला अखेरचा सामना झाला. जागा एका बांधकाम कंपनीला विकली गेली व तेथे घरे झाली. नव्या मैदानाची क्षमता आता 62,500 आहे. मात्र जुन्या मैदानाजवळच्या ग्रीन स्ट्रीटवर, जेथे साड्यांची आणि दागिन्यांची दक्षिण आशियाई दुकाने दाटीने आहेत, सामन्याच्या दिवशी लोटणारी गर्दी संपली. तिच्यावर चालणाऱ्या खाणावळी आणि मद्यगृहांचे नुकसान कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

मँचेस्टरने हेच काम दहा वर्षे आधी शहाणपणाने केले होते. 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठीचे मैदान बांधतानाच ते नंतर मँचेस्टर सिटी क्लबाला जाणार हे ठरले होते. स्पर्धा संपताच धावपट्टी काढली, मैदानाची पातळी खाली नेली आणि तेथे आसनांचा नवा टप्पा बसवला. क्षमता 38,000 वरून सुमारे 48,000 झाली. महापालिका आणि क्लब यांनी प्रत्येकी 2 कोटी पौंडांच्या आसपास खर्च केला. भाडेपट्टा 250 वर्षांचा आहे. सुरुवातीला भाडे ठरावीक नव्हते. जुन्या मेन रोड मैदानाच्या क्षमतेपेक्षा जास्त विकल्या गेलेल्या तिकिटांच्या उत्पन्नात शहराचा वाटा असे. नंतर ते ठोक रकमेवर आणले गेले. देखभाल आणि पुढची वाढ क्लबाने स्वखर्चाने केली.

कव्हेंट्रीत भाडेकरू भरडला गेला. कव्हेंट्री सिटीने हायफील्ड रोडचे आपले मैदान विकले आणि 2005 मध्ये महापालिका व एका धर्मादाय न्यासाच्या मालकीच्या रिको अरीनात भाड्याने प्रवेश केला. भाडे वर्षाला सुमारे 13 लाख पौंड, आणि सामन्याच्या दिवशीच्या खाद्यपेये व वाहनतळासारख्या उत्पन्नावर क्लबाचा हक्क जवळजवळ नव्हता. संघ 2012 मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला तरी भाडे तेच. क्लबाने ते देणे थांबवले, पुढच्या वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, गुण कापले गेले आणि 2013-14 चा हंगाम 50 किलोमीटरहून दूर नॉर्थॅम्प्टनला खेळावा लागला. चाहत्यांनी बहिष्कार टाकला. 2014 मध्ये मैदान वॉस्प्स या रग्बी क्लबाने घेतले, 2019 ते 2021 अशी दोन वर्षे पुन्हा बर्मिंगहॅममध्ये वनवास. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये मैदान क्लबाच्या मालकांकडे आले.

महाराष्ट्र आणि गोवा

इंडियन सुपर लीगमधल्या येथील क्लबांनीही भाड्याच्याच मैदानांवर संसार मांडला. एफसी गोवा खेळतो ते मडगावजवळचे फातोर्डा येथील नेहरू स्टेडियम गोवा क्रीडा प्राधिकरणाचे. 2014 च्या लुसोफोनिया (पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या) स्पर्धांसाठी त्याचे नूतनीकरण सरकारी पैशाने झाले. मुंबई सिटीचे अंधेरीतले मैदान महापालिकेच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात आहे, आणि त्याची छोटी क्षमता ही तिकीटविक्रीची पक्की मर्यादा आहे. एफसी पुणे सिटी 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या बालेवाडी संकुलात खेळे. तेथेही प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी होती आणि ती झाकण्यासाठी सरकत्या आसनांचा खटाटोप कोणी केला नाही. तो क्लब 2019 मध्ये बंदच झाला.

सद्यस्थिती

लंडनच्या मैदानावर आता फुटबॉलखेरीज ॲथलेटिक्स, मैफली आणि 2019 पासून काही वेळा अमेरिकी बेसबॉलचे सामनेही भरतात. भाडेकरार मोडण्याचा सोपा मार्ग मालकाकडे नाही, म्हणून प्रयत्न खर्च कमी करण्याचे आहेत. विजेचे बिल मालक भरतो. युक्रेन युद्धानंतर ब्रिटनमध्ये वीज महागली तेव्हा त्याची झळ क्लबाला नव्हे, महामंडळाला बसली. त्यानंतर महापौरांनी ज्या छपराने रूपांतराचा खर्च वाढवला होता त्याच छपरावर सुमारे 40 लाख पौंडांची सौर पटले बसवण्याची योजना मंजूर केली.