झिजले की उमटलेच नव्हते? नाण्यांच्या प्रतवारीची पार्श्वभूमी

नाण्यावरच्या चेहऱ्याचे केस सपाट दिसत असतील, तर दोन शक्यता असतात. एकतर ते हाताळणीत झिजले, नाहीतर टाकसाळीतच पुरते उठले नाहीत. प्रतवारीतले बरेचसे वाद इथेच सुरू होतात. ते मिटवायचे तर ते नाणे पाडले कसे, हे आधी माहीत हवे.

इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकात, आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या लिडियात, सोन्या-चांदीच्या मिश्रणाची नाणी पाडली जात होती. पद्धत साधी. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर तोललेली चकती ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि हातोडा हाणायचा. घाव थेट वरच्या ठशावर पडत असल्याने तो लवकर झिजायचा, तडकायचा. म्हणून एका खालच्या ठशाबरोबर वरचे अनेक ठसे वापरलेले आढळतात. हात जरा हलला तर चित्र कडेला सरकते. चकती उसळून दुसरा घाव बसला तर चित्राची दुहेरी छाप उठते. आधीचे नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले आणि तसाच घाव पडला, तर पुढच्या नाण्यावर एका बाजूला उठावदार चित्र येते आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे, खोलगट. हे सगळे जन्मजात दोष आहेत, वापराशी त्यांचा संबंध नाही. म्हणूनच आज प्राचीन नाण्यांची प्रत ठरवताना एनजीसी ही संस्था झिजेची प्रत वेगळी देते आणि ठसा किती नीट उठला आणि पृष्ठभाग कसा आहे यांना पाचपैकी स्वतंत्र गुण देते.

भारतातल्या चांदीच्या आहत नाण्यांना हेही माप पुरत नाही. पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जुळेपर्यंत कोपरे छाटायचे आणि मग एकेक चिन्ह वेगळ्या छोट्या ठशाने मारायचे, अशी ती रीत. प्रमाण वजन सुमारे ३.४ ग्रॅम, एका बाजूला बहुधा पाच चिन्हे. छाटलेला कोपरा किंवा कडेबाहेर गेलेले अर्धे चिन्ह म्हणजे तिथे नुकसान नव्हे. जुनी चिनी नाणी तर साच्यात ओतलेली. मधल्या चौकोनी भोकातून चौकोनी दांडी ओवून अनेक नाण्यांच्या कडा एकदम कानशीने घासता येत. त्यांच्यावरचा वाळूसारखा खरखरीतपणा आणि बारीक छिद्रे स्वाभाविक आहेत. पण ठोकून पाडल्या जाणाऱ्या नाण्यावर असाच पोत आणि कडेला सांध्याची रेघ दिसली, तर ते बहुतेक ओतीव नक्कल असते.

हातोड्याच्या नाण्यांची कड ओबडधोबड असे, आणि तिथेच लबाडांचे फावे. कडेची चांदी थोडीथोडी कातरली तरी कुणाच्या लक्षात येत नसे. यावर तोडगा म्हणून सोळाव्या शतकात युरोपात स्क्रू-प्रेस आला. दोन्ही टोकांना वजने लावलेला आडवा दांडा माणसांनी हिसडून फिरवायचा, मळसूत्र खाली उतरते आणि सरळ, जोरकस दाब देते. पॅरिसने १६४५ मध्ये हातोडा बंद केला. इंग्लंडमध्ये १६६२ पासून यंत्राची नाणी कायम झाली आणि मोठ्या चांदीच्या नाण्याच्या कडेवर ‘अलंकार आणि रक्षण’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आले. ते शब्द खरोखर पहारेकरीच होते, कारण कड कातरली की अक्षरे तुटत.

याच काळातली एक खूण नवख्यांना हमखास फसवते. चकती जड भरली तर ती ठशाखाली जाण्याआधी कानशीने घासून वजनात आणत, आणि हलकी भरली तर वितळवत. जिथे दाब कमी पडला, म्हणजे उंच उठावावर किंवा कडेला, तिथे कानशीच्या समांतर रेघा राहून गेल्या. या रेघा चित्राच्या आड जातात, तर नंतर पडलेला ओरखडा चित्रावरून जातो. भिंगाखाली हा फरक कळतो.

इंग्रज उद्योजक मॅथ्यू बोल्टनने बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे वाफेवर चालणारी टाकसाळ उभारली. तिथे १७९७ मध्ये पाडलेल्या तांब्याच्या पेनीचे वजन पूर्ण एक औंस होते आणि दोन पेनीचे दोन औंस. ठशाभोवती पोलादी कडे, म्हणजे कॉलर, असल्याने धातू बाहेर पसरू शकत नव्हता आणि सगळी नाणी एकाच व्यासाची निघत. पुढे १८१७ मध्ये जर्मन यंत्रज्ञ उलहॉर्नचा गुडघ्यासारख्या सांध्याचा प्रेस आला. तेव्हापासून मूळ क्रम फारसा बदललेला नाही: पट्टी लाटायची, चकत्या तोडायच्या, भट्टीत तापवून मऊ करायच्या, धुवायच्या, कड दाबून उचलायची आणि मग ठसा. चकती नीट मऊ झाली नाही तर चित्र अर्धवट उठते आणि ठसाही लवकर तडकतो. ठशाच्या खाचेत वंगण साचले तर एखादे अक्षर गायब होते. पट्टी पुरेशी पुढे न सरकता चकत्या तोडणारा पंच खाली आला, तर चकतीच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच पडते. अशी खाच खरी असेल तर तिच्या बरोबर समोरची कड सहसा बसकी असते, कारण कड उचलताना खाचेच्या जागी दाब मिळालेला नसतो. घरी कापलेल्या नाण्यात हा पुरावा नसतो.

रचनाकार आणि टाकसाळ यांचे भांडण बहुतेकदा उठावाच्या उंचीवरून होते. मोठ्या प्रतिकृतीवरून लहान ठसा कोरणारी यंत्रे आल्यावर शिल्पकारांचा उत्साह वाढला. अमेरिकी शिल्पकार सेंट-गॉडन्सच्या १९०७ च्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचा पहिला अवतार इतका उंच होता, की एकेका नाण्याला नऊपर्यंत घाव लागत. चलनासाठी शेवटी उठाव उतरवावाच लागला. १९१३ ते १९३८ या काळातल्या अमेरिकेच्या बायसनच्या पाच सेंटच्या नाण्यात दुसरीच अडचण होती. ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल हा धातू कठीण, त्यामुळे ठसे लवकर संपत. त्यातच वर्षाचे आकडे उंचावर कोरलेले, म्हणून ते आधी झिजत. असंख्य नाण्यांवर आज वर्षच वाचता येत नाही. मधली प्रत ठरवताना बायसनच्या शिंगाचे टोक पाहतात, पण १९२६ च्या डेन्व्हर टाकसाळीच्या नाण्याला ती कसोटी लावणे अन्यायाचे आहे. तिथे कोऱ्या, म्हणजे न वापरलेल्या, नाण्यावरही शिंग अनेकदा पुरते उमटलेले नसते.

प्रतींची भाषा आधी शब्दांची होती: चांगले, उत्तम, अत्युत्तम, कोरे. एकाचे उत्तम ते दुसऱ्याचे चांगले. नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० असे माप मांडले. हा आकडा मुळात किमतीशी जोडलेला होता: निकृष्ट प्रतीची मूळ किंमत गुणिले प्रत. बाजारभावाने ते गणित लवकरच मोडले, पण आकडे टिकले. सत्तर हा आकडा विचित्र वाटतो तो यामुळेच. १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने हे माप सर्व अमेरिकी नाण्यांना लावले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या प्रत ठरवणाऱ्या संस्था सुरू झाल्या, आणि प्रत लिहिलेल्या सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीतून नाणी विकली जाऊ लागली.

आकडा कुणीही देवो, पाहायची रीत तीच. एकच दिवा, पाच ते सात पट भिंग, नाणे कडेने धरून हळूहळू कलते फिरवायचे. दाबाखाली धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषांवरून प्रकाश आऱ्यांसारखा फिरतो. उंच भागावरून जाताना तो तुटला आणि तिथे राखाडी, मंद डाग दिसला, तर ती झीज. उंच भाग सपाट आहे पण झळाळी अखंड आहे आणि चकतीचा मूळ खडबडीतपणाही शिल्लक आहे, तर ठसा कच्चा. पहिले नाणे ५८ च्या वर जात नाही, कारण ६० पासूनचे आकडे कोऱ्या नाण्यांचे. दुसरे ६० च्या पुढे जाऊ शकते. गंमत अशी की थैलीत एकमेकांवर आपटून खरचटलेल्या ६० पेक्षा किंचित झिजलेले ५८ अनेकदा देखणे असते.

आम्लात बुडवलेले नाणे पांढरेफटक दिसते, पण वाहत्या धातूच्या रेषा विरघळल्याने प्रकाश फिरत नाही. कापडाने घासलेल्यावर केसासारख्या समांतर रेघा उठतात. अशा नाण्याला बहुतेक संस्था आकडा न देता दोषाची नोंद करतात. ‘प्रूफ’ ही मात्र प्रतच नाही. पॉलिश केलेल्या ठशांनी, पॉलिश केलेल्या चकतीवर, एकाहून अधिक घावांनी पाडलेल्या नाण्याला प्रूफ म्हणतात. खिशात महिनाभर फिरलेले प्रूफही प्रूफच राहते, फक्त त्याचा आकडा ६० च्या खाली येतो.