कस्टम क्यू, शिसव आणि २०१७ चा नियम: पार्श्वभूमी

फार जुनं थोडक्यात सांगतो. बिलियर्ड्समध्ये आधी जड तोंडाच्या दांड्याने बॉल ढकलायचे, मग दांडा उलटा धरून शेपटाकडच्या बाजूने मारायला लागले आणि तिथून क्यू, म्हणजे बॉल मारायची आजची काठी, आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये टोकाला चामड्याची टिप बसली. १८७५ ला जबलपूरच्या छावणीत स्नूकर सुरू झालं, म्हणून हा खेळ आपल्यासाठी अगदीच परका नाही.

कस्टम क्यूची कारागिरी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत वाढली. तिथले कारागीर कंपनीचे अखंड हाउस क्यू (क्लबात सगळ्यांसाठी ठेवलेले) घ्यायचे, कारण त्यातली फुल स्प्लाइस, म्हणजे दोन लाकडं एकमेकांत गुंतवून केलेला सांधा, पक्की असायची, मग ते मधोमध कापून उघडझाप करायचा जॉइंट बसवायचे आणि बट, म्हणजे हातात धरायचा जाड भाग, नव्याने कातायचे. नंतर नक्षीची नक्कल कोरणारा पँटोग्राफ आला, मग संगणकावर चालणारं सीएनसी मशीन, इनले म्हणजे लाकडात बसवलेली नक्षी बारीक झाली. पण लाकूड वाळायला लागतो तो वेळ कुठल्याच मशीनने कमी झाला नाही. पूल या टेबलावरच्या खेळाच्या शाफ्टला, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाला, हार्ड मेपल, स्नूकरला अॅश, आणि चौकोनी पट्टी एका दमात कधीच कातत नाहीत, थोडं कातायचं, टांगून ठेवायचं, काही आठवड्यांनी परत थोडं. जे बाकणार ते मधेच बाकतं, ते बाजूला काढायचं. पूलच्या शाफ्टचं टोक १३ मिमीपर्यंत यायला कित्येक महिने जातात. आपल्या मराठवाड्यात तर हे फारच जपावं लागतं, मे मध्ये लाकूड ठणठणीत वाळतंय आणि श्रावणात ओल ओढतंय, क्लबात भिंतीला टेकवलेले क्यू त्यातूनच बाकतात.

आता ज्याच्यावरून अजून वाद चाललाय ते. बटसाठी शिसव म्हणजे वजनदार, स्थिर आणि पॉलिश झकास घेणारं लाकूड. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार १९९२ पासून जवळपास बंदच आहे, त्याची जागा बरीचशी आपल्या भारतीय शिसवाने घेतली. मग २०१६ ला CITES (सायटिस) या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या जोहान्सबर्गच्या बैठकीत ठरलं आणि २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया म्हणजे शिसवाच्या अख्ख्या गोतावळ्याला देशाबाहेर पाठवायला परवाना लागला. कारण खरं होतं. चीनमध्ये लाल लाकडाच्या फर्निचरची मागणी इतकी वाढली की आफ्रिका आणि आग्नेय आशियातली जंगलं उजाड व्हायला लागली, आणि कापलेल्या फळीवरून जात ओळखणं बंदरावरच्या माणसाला जमत नाही, म्हणून सगळ्या जाती एकदमच घेतल्या.

पण दणका बसला लहान माणसाला. अख्खा क्यू ५०० ते ६०० ग्रॅमचा, त्यात शिसव किती असणार? कंटेनरभर पलंग पाठवणाऱ्याला परवान्याचा खर्च शेकडो नगांवर वाटता येतो, एकच क्यू पाठवणाऱ्याला तोच कागद एका नगासाठी करावा लागला. १० किलोपर्यंतची सूट होती ती बिगरव्यापारी मालाला, विकलेल्या क्यूला नाही. २०१९ ला त्याच कराराच्या जिनिव्हातल्या बैठकीत दुरुस्ती झाली तेव्हा वाद्यं पूर्ण सुटली आणि बाकी तयार वस्तूंना एका खेपेत १० किलो लाकडापर्यंत मोकळीक मिळाली. २०२२ ला पनामात भारताने शिसमच्या (शिसवाच्याच गोतावळ्यातलं झाड) वस्तूंसाठी ही मर्यादा खेपेऐवजी प्रत्येक नगावर धरायला लावली, हस्तकलावाल्यांसाठी ते फार मोठं काम झालं. कच्चा चौकोनी तुकडा मात्र अजूनही तयार वस्तूत बसत नाही, आणि क्यू बनवणाऱ्याला परदेशातून तोच मागवावा लागतो. जंगल वाचलंच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण वाद्याच्या कारागिराला जी सवलत दिली ती क्यूच्या कारागिराला का नाही, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दुसरं लाकूड वापरा, असं सांगणं सोपंय. किनवटकडे टेंभुर्णी भरपूर, पानं विडीला जातात, झाड आबनूसाच्याच कुळातलं, पण बटपुरता सरळ काळा गाभा निघेल असं खोड सहज सापडत नाही. गेल्या काही वर्षांत कार्बन फायबरचे शाफ्ट आलेत, ते ना उन्हात बाकतात ना पावसाळ्यात, त्यामुळे इकडची पोरं तेच घ्यायलीत, बट तेवढी लाकडाचीच मागायलीत.