चौकोनी निगेटिव्हपासून १०२ मेगापिक्सेलपर्यंत

नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या घरातला अल्बम उघडून बघा. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले, पांढऱ्या काठाचे छोटे चौकोनी फोटो सापडतील. त्यांतले बरेचसे मोठे केलेलेच नसतात. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उजेड दिला की फोटो तयार. हे जमायचं, कारण निगेटिव्हच सव्वादोन इंचांचं असायचं. मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठ्या फ्रेमच्या, डिजिटल कॅमेऱ्याच्या दर्जाचं मूळ याच चौकोनात आहे.

या मोठ्या निगेटिव्हची फिल्म, म्हणजे १२० चा रोल, कोडॅकने १९०१ मध्ये आणला. १९२९ मध्ये रोलीफ्लेक्स कॅमेरा आला, १९४८ मध्ये हॅसलब्लाड. आपल्याकडे आग्फाचा साधा क्लिक थ्री कॅमेरा याच रोलवर बारा फोटो काढायचा. स्टुडिओवाल्यांनी १२० लवकर सोडला नाही, त्यामागे रिटचिंग हे मोठं कारण होतं. निगेटिव्ह उजेडावर धरून, टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग तिथल्या तिथे भरले जायचे. ३५ मिमीच्या फ्रेममध्ये चेहरा डाळीएवढा; त्यावर पेन्सिल टेकवणार कुठे?

हिशेब क्षेत्रफळाचा आहे. ३५ मिमीची फ्रेम ३६×२४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. १२० ची चौकोनी फ्रेम साधारण ५६×५६, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. तेवढंच एन्लार्जमेंट कमी, दाणा बारीक आणि छटा सलग.

डिजिटलमध्ये हा फायदा आक्रसला, आणि ही गोष्ट उघडपणे सांगायला हवी. फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा सेन्सर आला; तो ज्या सिलिकॉनच्या चकतीतून कापतात, तिच्यातून मोठे तुकडे थोडेच निघतात आणि एका दोषाने अख्खा सेन्सर वाया जातो. सुरुवातीचे काही डिजिटल बॅक (कॅमेऱ्याच्या मागे फिल्मच्या जागी लावायचे भाग) तर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून तीन वेळा एक्स्पोजर घ्यायचे. म्हणजे फक्त स्थिर वस्तूंचेच फोटो. २०१४ मध्ये फेज वनच्या बॅकमध्ये आणि पेंटॅक्स ६४५झेडमध्ये ५० मेगापिक्सेलचा सीमॉस (कमी उजेडात चांगलं चालणाऱ्या प्रकारचा) सेन्सर आला, तेव्हा मीडियम फॉरमॅटला कमी उजेडातही काम करता येऊ लागलं. २०१९ च्या फुजीफिल्म जीएफएक्स १०० मध्ये १०२ मेगापिक्सेल झाले.

पण त्याचा सेन्सर साधारण ४४×३३ मिमीचा आहे, म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिमीच्या फ्रेमएवढ्या सेन्सरच्या) १.७ पट, साडेतीन पट नव्हे. गंमत म्हणजे त्याचा एकेक पिक्सेल ६१ मेगापिक्सेलच्या सोनी ए७आर ४ एवढाच, ३.७६ मायक्रॉनचा. पिक्सेल तेच, फक्त जास्त. त्याच अ‍ॅपर्चरला आणि त्याच शटरला एकूण प्रकाश १.७ पट मिळतो, त्यामुळे सावलीतला नॉइज, म्हणजे ठिपक्यांची खरखर, कमी होतो. फुल फ्रेमवर जास्त उघडणारी लेन्स लावली, तर उजेडाची ही आघाडी बरीचशी भरून निघते. तपशिलाची मात्र निघत नाही.

म्हणून घोडबंदर रोडवरच्या होर्डिंगसाठी हा कॅमेरा लागतो, असं मला वाटत नाही. होर्डिंग लोक लांबूनच बघतात. वाशीच्या एखाद्या हॉलमधल्या लग्नात नवऱ्याचा काळा बंदगळा आणि नवरीच्या पैठणीची सोनेरी जर एकाच फ्रेममध्ये असते, आणि तो प्रिंट भिंतीवर लागल्यावर आजी जवळ जाऊन पदरावरचा मोर बघते. तिथे मात्र जरीची तार न् तार सुटी दिसते.