यकृतातली चरबी आणि थकणारं स्वादुपिंड : नव्वद वर्षांची पार्श्वभूमी

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये वार्षिक तपासणी झाली की रिपोर्टात दोन ओळी बऱ्याचदा सोबतीनं येतात. सोनोग्राफीच्या पानावर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, आणि रक्ताच्या पानावर ५.७ ते ६.४ टक्क्यांमधलं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज. पहिलीला ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून सोडून दिलं जातं. दुसरीला ‘बॉर्डरलाइन शुगर’ म्हणतात आणि चहातली साखर बंद होते. दोन पानांवर छापल्या म्हणून त्या दोन तक्रारी वाटतात. त्यांचं नातं वैद्यकालाही फार उशिरा उमगलं.

१८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबुर्गमध्ये कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या, रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्शुलिनपर्यंत पोचले. मग मधुमेह म्हणजे इन्शुलिनचा तुटवडा, हे समीकरण पक्कं झालं. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी त्याला पहिला छेद दिला : काही रुग्णांचं शरीर टोचलेल्या इन्शुलिनलाही नीट दाद देत नाही. पण रक्तात इन्शुलिन किती आहे हे मोजायचं कसं? ती पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी दिली. १९६० मध्ये त्यांनी दाखवलं की प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात, ग्लुकोज पाजल्यानंतर, इन्शुलिन उलट जास्तच असतं. मला हे निरीक्षण सगळ्या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. साखर वाढायला लागते त्या काळात स्वादुपिंड बंद पडलेलं नसतं, ते जादा राबत असतं.

चरबीचा धागा मात्र वेगळ्याच खोलीत विणला जात होता. १९३३ मध्ये ओगिल्वी यांनी शवविच्छेदनांतून नोंदवलं होतं की लठ्ठ माणसांच्या स्वादुपिंडात सडपातळ माणसांच्या तुलनेत बरीच जास्त चरबी असते. १९४७ मध्ये मार्सेच्या जाँ व्हाग यांनी सांगितलं की चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते याला महत्त्व आहे. पोटावरची चरबी मधुमेहाशी अधिक जोडलेली असते. ही निरीक्षणं मागे पडली, कारण जिवंत माणसाच्या अवयवात शिरून चरबी मोजता येत नव्हती. एमआरआयनं ती अडचण दूर केली. दरम्यान १९९० च्या दशकात डॅलसचे रॉजर उंगर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत चरबी साचली की त्या आधी बिघडतात आणि पुढे मरूही शकतात.

हे सगळं न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी २००८ मध्ये एका मांडणीत बांधलं. यकृतात चरबी साठली की ते इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. ती आवरायला स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. पण जास्तीचं इन्शुलिन यकृताला आणखी चरबी बनवायला लावतं. तीच चरबी रक्तातून स्वादुपिंडापर्यंत पोचते, आणि जेवणानंतर इन्शुलिनची जी पहिली झटपट लाट उठायला हवी ती मंदावते. २०११ मध्ये त्यांनी मधुमेह असलेल्या ११ जणांना देखरेखीखाली ८ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. उपाशीपोटीची साखर ७ दिवसांत सामान्य झाली. यकृतातली चरबी सरासरी १२.८ टक्क्यांवरून २.९ वर आली, स्वादुपिंडातली ८ वरून ६.२ वर, आणि इन्शुलिनची ती पहिली लाट हळूहळू परतली. यकृत लवकर सुधारतं, स्वादुपिंड सावकाश, हे त्यातून स्पष्ट झालं.

आता आपल्याकडचा प्रश्न. ठाणे स्टेशनच्या गर्दीतल्या शिडशिडीत माणसालाही हे का होतं? याचं उत्तर बरंचसं पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, पण अंगावरची चरबी त्या मानानं टिकून. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांची मापं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी-शेजारी छापली गेली : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. वजनकाट्याला ही गोष्ट दिसतच नाही. कोपरखैरणे-घणसोलीतल्या माथाडी कुटुंबांची मुळं सातारा-पुण्याच्या अशाच गावांत आहेत. आजोबांनी बाजारात पोती वाहिली, नातू महापेला दहा तास खुर्चीत बसतो. कातडीखाली चरबी सुरक्षित साठवायची मर्यादा लवकर संपली की उरलेली यकृताकडे जाते, हे ज्या शरीराला लागू पडतं त्याच्यासाठी हा बदल फार वेगाचा आहे.

प्रीडायबेटिसपुरतं, म्हणजे त्या ‘बॉर्डरलाइन शुगर’पुरतं बोलायचं तर पुरावा अजून जुळतो आहे. यकृतातली चरबी आणि इन्शुलिनला दाद न देणं यांचं नातं भक्कम आहे. स्वादुपिंडाबद्दल सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाला २०१० मध्ये असं आढळलं की ज्यांची साखर आधीच वाढू लागली आहे त्यांच्यात स्वादुपिंडातली चरबी जितकी जास्त तितकं इन्शुलिन कमी स्रवतं. साखर सामान्य असलेल्यांत हा संबंध दिसला नाही. २०२० मध्ये त्याच गटानं पुढचा दुवा दाखवला : ही चरबी मुख्यतः अशांना नडते ज्यांच्यात मधुमेहाचा आनुवंशिक धोका मुळातच जास्त आहे. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोघांच्या स्वादुपिंडात सारखीच चरबी असली तरी परिणाम वेगळा होऊ शकतो. २०२५ मध्ये तिथूनच आलेल्या अभ्यासात वजन न घटताही काहींची साखर सामान्य झाली, आणि त्यांच्यात पोटाच्या आतल्या चरबीचं प्रमाण कातडीखालच्या चरबीच्या तुलनेत कमी होतं.

नेहमीच्या सोनोग्राफीत स्वादुपिंडातली चरबी नीट मोजता येत नाही, इन्शुलिनची चाचणी तर वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसतेच. कंबरेची फीत मात्र कुठल्याही दवाखान्यात असते. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही तिची मर्यादा धरली जाते.