शतावरीचा डबा आणि आईचा पान्हा

बाळंतिणीला भेटायला जाताना पिशवीत अळिवाचे किंवा डिंकाचे लाडू असतातच, आणि जोडीला शतावरी कल्पाचा डबा. कोमट दुधात दोन चमचे कल्प, वर वेलचीचा वास. हा डबा देणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण दूध कमी पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'कल्प घेतेस ना?' आणि तिथेच काळजी वाटते.

शतावरी ही काटेरी वेल. तिची सुईसारखी हिरवी पानं म्हणजे खरं तर बारीक फांद्याच. बुंध्याशी खणलं की बोटाएवढ्या, फिकट मुळ्यांचा झुपका हाती लागतो, म्हणून ती शतमूळी. ताजी मुळी सोलून उभी चिरली की आतून एक चिवट दोरा निघतो. तो टाकून देतात आणि उरलेला गर वाळवून चूर्ण करतात. या गरात शतावरिन नावाची सॅपोनिन, म्हणजे पाण्यात फेसाळणारी वनस्पतीतली द्रव्यं, असतात.

त्यांनी दूध वाढतं का? आपल्याकडच्या दोन चाचण्यांची उत्तरं जुळत नाहीत. 1996 साली दूध कमी असलेल्या 64 मातांना शतावरीप्रधान औषध देऊन पाहिलं, तेव्हा फरक दिसला नाही. 2011 च्या चाचणीत 60 मातांपैकी शतावरी घेणाऱ्यांचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, जास्त वाढलं. दोन्ही चाचण्या लहान. त्यामुळे खात्रीचा शब्द कुणी देऊ नये.

दुधाची खरी किल्ली बाळाच्या तोंडात असते. ते चोखू लागलं की आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन सुटतं आणि दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाने पान्हा फुटतो. स्तन वारंवार रिकामे झाले तरच पुढचं दूध बनतं. म्हणून दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं. पहिल्या दिवसांचा चीक चमचाभरच असतो, तेवढा बाळाला पुरतो. त्याच वेळी वरचं दूध सुरू केलं की चोखणं कमी होतं, आणि आईचं दूधही.

कल्प घ्यायचाच असेल तर लेबल वाचा. त्यात बहुतेक साखरच असते. गरोदरपणात मधुमेह निघालेल्या बाईने हे विसरू नये. अ‍ॅस्परॅगस या भाजीची अ‍ॅलर्जी असेल तर शतावरी टाळा, ती त्याच कुळातली. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेल्यांनी, लघवी वाढवणारी गोळी किंवा लिथियम घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदरपणीही मनाने सुरू करू नका.

पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा तरी लंगोट ओले करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. तसं नसेल तर कल्पाचे चमचे वाढवत बसू नका. थायरॉइडचा बिघाड, बाळंतपणातला जास्त रक्तस्राव, आत राहिलेला वारेचा तुकडा यांनीही दूध कमी होतं, आणि त्यांवर वेळेत उपचार लागतात. बाळाला आणि आईला, दोघांनाही दाखवा. कल्पाचा डबाही सोबत न्या, डॉक्टरांना लेबल वाचू द्या.