चलान गाडीच्या नंबरवर, मग जबाबदारी कुणाची? (पार्श्वभूमी)

आपण सगळे ज्याला ई-चलान म्हणतो ते राज्यभर २०१९ पासून जोरात सुरू झालं, पण मालक आणि चालवणारा हा घोळ त्याच्या बराच आधीचा आहे. १९३९ चा मोटार वाहन कायदा सोडून देऊ, आपल्याला लागतो तो १९८८ चा, जुलै १९८९ पासून लागू झालेला. वेगाचं कलम १८३, तेव्हा दंड पहिल्यांदा ४०० पर्यंत आणि परत सापडला तर १००० पर्यंत. त्यात असंही होतं की 'मला वाटतं हा जोरात होता' एवढं एकाच साक्षीदारानं सांगून भागत नाही, त्याचा अंदाज यंत्रानं काढलेला पाहिजे, आणि यंत्र तेव्हा होती किती? आणि ड्रायव्हरला जोरात हाणायला लावणाऱ्या मालकाला दंड वेगळा. म्हणजे मालक आणि चालवणारा ही दोन माणसं कायद्यानं तेव्हाच वेगळी धरली होती.

पूर्वी कोल्हापुरात ताराराणी चौकात पोलीस हात करायचा, लायसन मागायचा आणि पावती फाडायचा, त्यामुळं जो चालवत होता तोच भरत होता. कॅमेऱ्याला दिसतो फक्त नंबर आणि नंबरावरून सापडतो मालक, मग शिरोलीकडं हायवेला पोरगं गाडी पळवतं आणि मेसेज येतो वडलांच्या मोबाईलवर, वडील बडबडत भरतात आणि पोराला त्यातलं काहीच लागत नाही. खरं तर कलम १३३ आहे, पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव, पत्ता, लायसन मालकानं सांगायचं असतं. हे कलम वापरलं तर निम्मी भांडणं मिटतील असं मला मनापासून वाटतं, पण घरातल्याचं नाव कोण देणार?

सेकंडहँड गाड्यांचं तर त्याहून अवघड. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते राहतं आणि चलानं जुन्या मालकाला येत राहतात. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला अपघाताच्या भरपाईच्या केसमध्ये सांगितलंय की रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक.

लोकांची एक तक्रार मात्र रास्त होती, चलान कळायचंच नाही. २०२१ च्या नियमानं नोटीस १५ दिवसांत पाठवायची आणि कॅमेरा आहे तिथं बोर्ड लावायचा असं ठरलं. नवीन दंड देशात सप्टेंबर २०१९ ला आला, महाराष्ट्रात तो डिसेंबर २०२१ ला लागला, वेगासाठी कायद्यात हलक्या गाडीला १००० ते २००० आणि मध्यम-अवजडला २००० ते ४०००. तेव्हा कोल्हापुरात बरेच जण टोलचं उदाहरण द्यायला लागले, की २०१५ ला लढून टोल घालवला तसं हे पण घालवू. टोलचा लढा बरोबरच होता ओ, पण टोल रस्त्याचा होता आणि हे आपल्या ॲक्सिलेटरचं आहे, दोन्ही एका मापात धरायला मला पटत नाही.

कायद्याच्या त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९-अ आलं, अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. आम्हाला न विचारता गाडी नेली असं नुसतं म्हणून पालक सुटत नाहीत, ते त्यांनाच सिद्ध करावं लागतं.