रायबोसोमच्या चुका आणि जीवाणूंची उत्क्रांती

‘जीवाणू औषधांना सरावले’, ‘जीवाणू हुशार झाले’ अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून येत असतात. जीवाणूला मेंदू नाही. तो ठरवून काही शिकत नाही. शाळेत शिकलेलं उत्तर यापेक्षा कितीतरी चांगलं आहे: डीएनएची नक्कल होताना चुका होतात, एखादी चूक औषधाच्या माऱ्यात उपयोगी पडते आणि ती असलेले जीवाणू तगतात. हे बरोबर असलं तरी पुरेसं नाही. पेशीत सर्वाधिक चुका डीएनएची नक्कल होताना नव्हे, तर प्रथिनं तयार होताना होतात.

ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएत सुमारे 46 लाख अक्षरं असतात. त्यांची नक्कल इतकी काटेकोर होते की साधारण हजार विभाजनांमागे एखादं अक्षर बदलतं. प्रथिनांचं तसं नाही. प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असते आणि तिथे दर हजार ते दहा हजार अमिनो आम्लांमागे एक चुकीचं बसतं. 300 अमिनो आम्लांचं प्रथिन घेतलं, तर शंभरातल्या निदान तीन आणि कधीकधी पंचवीसेक रेणूंत एखादी तरी चूक असते. म्हणजे एकाच जनुकावरून बनलेले रेणूसुद्धा अगदी एकसारखे नसतात.

हे घडतं रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात. एम-आरएनएवरचा (जनुकाच्या कामचलाऊ प्रतीवरचा) तीन अक्षरी कोडॉन वाचायचा आणि त्याला जुळणाऱ्या टी-आरएनएने आणलेलं अमिनो आम्ल साखळीत जोडायचं, हे रायबोसोमचं काम. ई. कोलायमध्ये ते सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लांच्या वेगाने चालतं. एवढ्या घाईत बरोबर टी-आरएनए कसा ओळखायचा? योग्य आणि जवळपास योग्य जोड्यांच्या बंधऊर्जेतला फरक थोडाच असतो. तेवढ्या फरकावर एकदाच निवड केली, तर चुका आजच्यापेक्षा खूप जास्त झाल्या असत्या. 1974 मध्ये जॉन हॉपफील्ड आणि 1975 मध्ये जाक निनिओ यांनी स्वतंत्रपणे उत्तर सुचवलं: तोच फरक दोनदा वापरायचा. एका चाळणीतून शंभरात एक खडा निसटत असेल, तर पुन्हा चाळल्यावर दहा हजारांत एकच निसटतो.

पण दुसरी चाळणी खरोखर वेगळी ठरायला हवी असेल, तर दोन्हींच्या मधली पायरी परत फिरता न येणारी असावी लागते. त्यासाठी ऊर्जा खर्च होते. टी-आरएनए येतो तो ईएफ-टीयू नावाच्या प्रथिनाच्या आणि जीटीपी या ऊर्जारेणूच्या सोबतीने. रायबोसोमच्या लहान भागाच्या घडणीतल्या 16एस या आरएनएचे दोन अ‍ॅडेनीन (आरएनएचं एक अक्षर), क्रमांक 1492 आणि 1493, बाहेर वळून कोडॉनच्या पहिल्या दोन जोड्या चाचपतात. तिसऱ्या जोडीला बरीच मोकळीक असते. आकार नीट बसला की लहान भाग मिटतो आणि जीटीपी फुटतो. आता मागे जाता येत नाही. ईएफ-टीयू निघून जातो, पण टी-आरएनएला गळून पडण्याची आणखी एक संधी मिळते आणि चुकीचा असेल तर तो बहुधा गळतो. अचूकतेसाठी पेशी रोख ऊर्जा मोजते, ही मला साऱ्या जीवशास्त्रातली अतिशय देखणी कल्पना वाटते.

स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक नेमकं इथेच घुसतं. ते 16एस आरएनएला चिकटून मिटलेली स्थिती पक्की करतं आणि चुकीचे टी-आरएनएही आत शिरतात. त्याला दाद न देणारे काही उत्परिवर्ती (डीएनएत बदल झालेले) जीवाणू उलट गरजेपेक्षा जास्त अचूक असतात, पण औषध नसताना ते हळू वाढतात. वेग आणि अचूकता यांचा सौदा असतो, म्हणून नैसर्गिक निवड रायबोसोमला बिनचूकपणापर्यंत नेत नाही.

आता मुख्य प्रश्न. चुकलेलं प्रथिन मोडून गेलं की चूकही संपते. ती डीएनएत उलटी लिहिली जात नाही. मग उत्क्रांतीशी तिचा संबंध काय?

झुरिकमधल्या आंद्रेयास वाग्नर यांच्या गटाने 2015 मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अ‍ॅम्पिसिलिन हे प्रतिजैविक निकामी करणारं टीईएम-1 हे विकर (एन्झाइम) त्यांनी दोन प्रकारच्या ई. कोलायमध्ये उत्क्रांत होऊ दिलं. एकाचे रायबोसोम नेहमीचे, दुसऱ्याचे चुका करणारे. विकराला थोडंसं कमकुवत करणारं उत्परिवर्तन नेहमीच्या पेशीत खपून जातं. चुकणाऱ्या पेशीत त्याच कमकुवत साखळीत आणखी एक चुकीचं अमिनो आम्ल बसलं की रेणू नीट घडीच घेत नाही. विकर कमी पडतं आणि जीवाणू मागे पडतो. त्यामुळे घातक उत्परिवर्तनं लवकर छाटली गेली, विकराला स्थैर्य देणारी टिकली. रेणूंमधल्या तात्पुरत्या चुकांनी डीएनएतल्या कायमच्या बदलांची निवड अशी कडक केली.

दुसरा मार्ग वेळ मिळवून देण्याचा. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की प्रथिनांत जास्त चुका करणाऱ्या ई. कोलायमध्ये डीएनए दुरुस्तीचा ‘एसओएस’ प्रतिसाद लवकर सुरू होतो. डीएनएला इजा करणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या सुरुवातीच्या माऱ्यात त्यामुळे जास्त पेशी जगतात. जास्त पेशी जगल्या, तर त्यांतल्या एखादीत खरं उत्परिवर्तन असण्याची शक्यताही वाढते.

क्षयरोगाच्या जीवाणूत तर चुकांसाठी वेगळी जागाच आहे. ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या टी-आरएनएवर तो थेट ग्लुटामिन चढवत नाही. आधी ग्लुटामेट हे दुसरं अमिनो आम्ल चढतं, मग गॅट-सीएबी हे विकर त्याचं ग्लुटामिन करतं. हे विकर कमी पडलं, तर ग्लुटामिनच्या जागी ग्लुटामेट बसतं. रुग्णांकडून मिळालेल्या काही वाणांत या विकराच्या जनुकातच बदल सापडले आणि ते वाण रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचं औषध जास्त सहन करत होते. रिफाम्पिसिन आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या विकराला, चिकटतं. या पॉलिमरेजचे काही रेणू चुकीचे घडले, तर ते औषधाच्या तावडीतून सुटू शकतात. याची उलटी परीक्षा 2018 मध्ये झाली. कासुगामायसिन या प्रतिजैविकाने मायकोबॅक्टेरियातल्या अशा चुका कमी केल्यावर रिफाम्पिसिनचा मारा जास्त प्रभावी ठरला आणि त्याला प्रतिरोध असलेले जीवाणूही कमी निपजले.